एकमताने मंजूर

चंडीगडला घर घेतल्याचं कळल्यावर पुण्याच्या नणंदेने पहिल्याच फोनवर विचारलं, "सोसायटी कशी आहे?" सोसायटी नाही म्हटल्यावर, "मग अपार्टमेंट का?" तेही नाही म्हटल्यावर ती गप्प झाली. पुण्या-मुंबईच्या माणसाला एका इमारतीत चार घरं म्हटली की हे दोनच प्रकार ठाऊक. एकाला १९६० चा सहकार कायदा, दुसऱ्याला १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा. आमच्या कोठीला, म्हणजे इथल्या बंगल्याला, यातलं काहीच लागू पडत नाही.

कोठीला तीन मजले आणि त्यांत तीन कुटुंबं. खरेदीखतात मात्र मजल्याचा उल्लेखच नाही. अख्ख्या प्लॉटात, जिन्यात, भिंतीत, गच्चीत प्रत्येकाचा टक्क्यांतला हिस्सा: तळमजल्यावरच्या आंटीजींचा चाळीस, मधल्या मजल्यावरच्या वीरजींचा तीस, वर राहणाऱ्या आमचा तीस. कोण कुठल्या मजल्यावर राहणार, गच्ची कोणी वापरायची, मागचं अंगण कोणाचं, हे आपसातल्या एका करारात लिहिलंय. त्याला इथे सगळे 'एमओयू' म्हणतात. घर घेताना दलालाने तो कागद इतक्या आत्मविश्वासाने पुढे सरकवला होता की जणू देशभर घरं अशीच विकली जातात.

हा प्रकार चंडीगडचा खास. पहिल्या तीस सेक्टरांतले घरांचे प्लॉट आखले गेले ते एका प्लॉटवर एक कुटुंब या हिशेबाने. १९५२ च्या 'कॅपिटल ऑफ पंजाब' कायद्याखाली ते विकले गेले, आणि अटी मोडल्या तर प्लॉट सरकारजमा करण्याचा अधिकार त्या कायद्यात आहे. त्याला 'रिझम्पशन' म्हणतात. हा शब्द नुसता कानावर पडला तरी इथली म्हातारी माणसं हातातला पेला खाली ठेवतात. पुढे वारस वाढले, भाव वाढले, एक कनाल म्हणजे सुमारे ५०० चौरस यार्डांची कोठी एकट्याने घेणं पगारदाराला अशक्य झालं. २००१ मध्ये प्रशासनाने मजल्यांच्या स्वतंत्र मालकीचे नियम काढले. जुन्या रहिवाशांनी विरोध केला, आणि २००७ मध्ये ते नियम रद्द झाले. मग लोकांनी वाट काढली: मजला विकता येत नाही ना, हिस्सा विका. हिश्श्याच्या विक्रीला कायद्यात मनाई नाही, असं पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये म्हटलं.

१० जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं फिरवलं. पहिल्या तीस सेक्टरांतल्या एका घराची अशी मजलेवार विभागणी चालणार नाही. तसा हेतू दिसणारे नकाशे शहराच्या वारसा समितीचा निर्णय होईपर्यंत मंजूर करू नयेत. घराचे मजले वाटून घेणारे सहमालकांचे करार नोंदवले जाणार नाहीत आणि कायद्याने बजावताही येणार नाहीत. खंडपीठावर न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना होते. त्यांतले गवई आपल्या अमरावतीचे, म्हणून मला अभिमान वाटला आणि लगेच पोटात गोळा आला. नियोजन न करता वाढणाऱ्या शहराचं काय होतं हे दाखवायला निकालात बंगळुरूचं उदाहरण दिलंय. शहर म्हणून पाहिलं तर मला तो निकाल आजही बरोबर वाटतो. सहमालक म्हणून विचाराल, तर त्या हिवाळ्यात गल्लीत दुसरा विषय नव्हता. सुखना तलावावर फिरायला जावं तर तिथेही तेच, भाजीच्या गाडीपाशीही तेच.

एवढं सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की पुढे जे घडलं तेव्हा आमच्यापैकी कोणीही अडाणी नव्हतं. निकाल सगळ्यांनी वाचला होता.

मे महिन्यात एका रविवारी वीरजींच्या दिवाणखान्यात आम्ही जमलो. विषय होता लिफ्ट. माझ्या नवऱ्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती आणि दोन जिने चढताना त्याला मध्ये थांबावं लागायचं. वीरजींनीच पुढाकार घेतला. मागच्या अंगणात भिंतीला लागून लिफ्ट उभारायची, ठेकेदार त्यांच्या माहितीतला, आराखडा त्यांच्या फोनवर. आम्ही फोन हातोहात फिरवला, चित्र छान होतं. चहा आला, मठ्ठी आली, आंब्याचं लोणचं आलं. माझ्या नवऱ्याच्या तब्येतीसाठी दुसरा माणूस धडपडतोय म्हटल्यावर मी त्याला नकाशाची मंजुरी विचारायची, हे माझ्याच्याने झालं नाही. पंजाबी घरात पाहुणचार इतका भरभरून होतो की मठ्ठी तोंडात असताना पावती मागणं अपमान वाटावा.

विचारलं ते आंटीजींनी. त्या खाली राहतात, लिफ्टची त्यांना गरज नाही. चष्मा नाकावर खाली ओढून त्या वीरजींना म्हणाल्या, "सतारां सेक्टर तों पुच्छ लया?" सेक्टर १७ मध्ये इस्टेट ऑफिस आहे. बांधकामाची परवानगी, नकाशा, नोटीस, सगळं तिथलं. प्रश्न अगदी नेमका होता. जानेवारीच्या निकालानंतर तीन मजल्यांना तीन दारं उघडणारी लिफ्ट म्हणजे तीन वेगळी घरं असल्याची जाहिरातच होती.

वीरजी हसले. "आंटीजी, तुसीं फिकर ना करो. तुहाडे कोलों इक पैसा नहीं लैणा."

झालं. खोलीत सगळ्यांना हायसं वाटलं. म्हातारीला खर्चाची काळजी होती आणि ती वीरजींनी उदारपणे मिटवली, असा सगळ्यांनी अर्थ लावला. आंटीजींनी पैशाबद्दल काही विचारलंच नव्हतं. पण एकदा कोणी आपला खर्च माफ केला की पुन्हा तोंड उघडणं कठीण जातं. त्या गप्प बसल्या. वीरजींची सून वही घेऊन बसली होती, तिने हिंदीत लिहिलं: लिफ्ट का प्रस्ताव, सर्वसम्मति से पास. खाली सह्या झाल्या, आंटीजींचीही.

जूनमध्ये खड्डा खणला. जुलैच्या ८ आणि ९ तारखेला चंडीगडवर जो पाऊस कोसळला तो अनेकांना आठवत असेल. ९ ला सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत ३०२.२ मिलिमीटर, शहराच्या नोंदींतला विक्रम. सुखनाचे दरवाजे उघडावे लागले. आमच्या मागच्या अंगणातल्या खड्ड्यात पाणी भरलं, कडा ढासळल्या आणि शेजाऱ्याच्या बाजूची कुंपणभिंत त्यात झुकून अर्धी आडवी झाली. शेजाऱ्याने तक्रार केली, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. पाहणी झाली. नोटीस आली ती तिन्ही नावांनी. ज्यांच्याकडून 'इक पैसा' घ्यायचा नव्हता त्या आंटीजींचं नाव सर्वांत वर, कारण त्यांचा हिस्सा मोठा.

घराघरांतल्या भांडणात एक खलनायक सापडला की बरं वाटतं. इथे तो नव्हता. ठेकेदार वीरजींच्या साडूचा भागीदार निघाला, पण ते त्यांनी लपवलं नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं. आगाऊ रकमेतला मोठा वाटा त्यांचा होता आणि ऑफिसच्या सगळ्या फेऱ्या त्यांनीच मारल्या. एकदा संतापून मी म्हटलं, "तुम्ही काही तपासलंच नव्हतं!" त्यांनी जे उत्तर दिलं त्याने माझा राग जागच्या जागी थांबला. "बहनजी, तुसीं सारे पढ़े-लिखे हो. किसे ने रोक्या तां नहीं."

म्हणजे त्यांच्या लेखी आमचं गप्प बसणं ही तपासणी होती. एक निवृत्त शास्त्रज्ञ, एक प्राध्यापक, इतकी शिकलेली माणसं समोर बसलीत आणि काही म्हणत नाहीत, तर ठीकच असेल. आणि आमच्या लेखी त्यांचा उत्साह हीच चौकशी होती: इतक्या ठामपणे बोलतोय तर विचारून आलाच असेल. दोन्हीकडचा विश्वास खरा होता, आणि तपासलं मात्र कोणीच नव्हतं.

यावर जगात बराच अभ्यास झालेला आहे. १९७४ मध्ये जेरी हार्वे या अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञाने आपल्या कुटुंबाची एक हकिगत लिहिली. टेक्ससमधल्या भर उन्हाळ्यात सगळे जण पन्नासएक मैलांवरच्या ॲबिलीन गावी जेवायला गेले, धुळीने माखून परत आले, आणि मग कळलं की जायचं कोणालाच नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याला हवंय म्हणून हो म्हणाला होता. त्याआधी १९५१ मध्ये सॉलोमन ॲश यांनी माणसांना साध्या रेघा दाखवून कुठली कुठल्या मापाची असं विचारलं. बाकीचे सगळे, जे ॲश यांचेच साथीदार होते, मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचे. समोरची रेघ डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही साधारण एक-तृतीयांश वेळा लोकांनी गटाचं चुकीचं उत्तर उचललं. मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. साथीदारांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हे वाहवत जाणं एकदम खाली यायचं. एकच माणूस पुरायचा.

त्या रविवारी आंटीजींना तो एक माणूस मिळाला नाही. मराठी घरांत, सोसायट्यांत, भिशीत, मंडळात, कुठेही एकत्र बसून ठरवणाऱ्यांना मी सगळ्यात आधी सांगेन ते हे. तुम्हाला स्वतः प्रश्न सुचला नाही तरी चालेल, विचारण्याचं धाडस नसलं तरी चालेल. पण दुसऱ्या कोणी विचारलेला प्रश्न उत्तराविना वाहून चाललाय असं दिसलं की एवढंच म्हणा, "काकू काय विचारताहेत ते मलाही ऐकायचंय." यात कोणावर संशय नाही, वाद नाही. प्रश्न खाली पडत नाही, बस्स.

प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू मोजायची आपली सवय फार वाईट आहे. पैसे द्यायचे नसतील, पूर्वीचा राग असेल, मोठेपणा मिरवायचा असेल. असेलही! हेतू खोटा असला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. आणि सवलत मिळाली म्हणून विचारण्याचा हक्क संपत नाही. जबाबदारी कोणाची आहे ते खर्चाच्या वाटणीवरून ठरत नाही, नाव कुठल्या कागदावर आहे त्यावरून ठरतं. आंटीजींनी एक पैसाही दिला नव्हता आणि नोटीस त्यांच्या नावे होती.

त्या वर्षानंतर आम्ही बसण्याची रीत बदलली. काही गोष्टी जमल्या, काही फसल्या.

सर्वांत उपयोगी पडलं ते ऐकायचा दिवस आणि ठरवायचा दिवस वेगळा करणं. ज्याला काही करायचंय त्याने एका रविवारी सांगायचं, निर्णय पुढच्या रविवारी. मधल्या आठवड्यात प्रत्येकाने बाहेर एकाला तरी विचारून यायचं: वकील, जाणता मिस्त्री, शेजारच्या गल्लीत तेच काम केलेलं कुटुंब. आठवडाभरात उत्साह ओसरतो आणि माहिती वाढते. "आजच सही करा, उद्या दर वाढेल" असं जो ठेकेदार म्हणेल त्याला वाढलेला दर देणं परवडतं, हे माझं ठाम मत आहे.

दुसरं, "कोणाची काही हरकत?" हे वाक्य बैठकीतून हद्दपार केलं. ते ऐकायला लोकशाहीचं वाटतं, पण त्यात सगळं ओझं उठून उभं राहणाऱ्या एकट्यावर पडतं. त्याऐवजी आम्ही विचारतो, "यातलं कोणी काय तपासलंय?" आणि ओळीने प्रत्येकाने सांगायचं. सर्वांत लहान माणसाने आधी, प्रस्ताव आणणाऱ्याने शेवटी. त्या मे महिन्यात हा प्रश्न विचारला गेला असता तर खोलीतली पाचही माणसं "काही नाही" म्हणाली असती, आणि ते ऐकून आमचं आम्हालाच हसू आलं असतं.

तिसरी रीत गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची. निर्णयाच्या आधी समजायचं की काम झालं आणि वर्षभरात साफ फसलं. मग का फसलं ते प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचं. "हे फसेल" म्हणणं अपशकुनी वाटतं, पण "फसलं, का ते सांगा" म्हटलं की सगळे कोडं सोडवायला बसतात. पाण्याच्या टाकीच्या कामाच्या वेळी पहिल्यांदा हे केलं. एका चिठ्ठीत होतं, गच्चीचा स्लॅब भार पेलणार नाही. दुसरीत, ठेकेदार अर्ध्यात सोडून जाईल. तिसरीत वळणदार गुरुमुखीत होतं ते वीरजींच्या सुनेने वाचून दाखवलं: आपलं बोलणं पुन्हा बंद होईल. टाकीचं काम आम्ही स्लॅब तपासून घेईपर्यंत पुढे ढकललं. पण खरं काम त्या तिसऱ्या चिठ्ठीने केलं.

एक गोष्ट करून पाहिली आणि सोडून दिली. प्रत्येक बैठकीत एकाने मुद्दाम विरोधी बाजू मांडायची. कॅथलिक चर्चमध्ये संतपद देताना असा विरोधी वकील नेमायची जुनी पद्धत होती, त्यावरून जगभर ही युक्ती सांगितली जाते. आमच्याकडे तिचं नाटक झालं. "आज माझी पाळी आहे म्हणून म्हणतो," असं म्हणून हसत हसत आक्षेप यायचा आणि हसत हसत बाजूला पडायचा. नाटकातल्या विरोधापेक्षा मनापासूनचं वेगळं मत गटाला जास्त विचार करायला लावतं, असं शार्लन नेमेथ यांच्या प्रयोगांतही दिसलं आहे. तेव्हा विरोधाचा अभिनय नको. खरी शंका स्वस्तात बोलता येईल अशी सोय हवी.

शंका विचारायची कशी, हाही प्रश्नच. "तुम्ही विचारलंत का?" यात समोरच्याच्या कानाला आरोप ऐकू येतो. "मी उद्या सेक्टर १७ ला जाऊन येते, फाइल नंबर द्या" यात येत नाही. प्रश्नाबरोबर थोडी पायपीट स्वतःच्या अंगावर घेतली की तो लगेच गोड होतो. ठेकेदाराशी नातं आहे का, हा प्रश्न तर कोणा एकाला विचारूच नये. दरपत्रक उघडण्याआधी सगळ्यांनीच, नसलं तरी, सांगायचं: माझं नातं नाही, माझं आहे. देवळातल्या चपलांसारखं, सगळेच काढतात म्हटल्यावर कोणाला वेगळं वाटत नाही.

आता वही. "एकमताने मंजूर" या दोन शब्दांवर माझा राग आहे, कारण बैठकीत घडलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ते पुसून टाकतात. आमच्या वहीत त्या रविवारी आंटीजींनी काही विचारल्याचा मागमूसही नाही. नंतर त्यांनी पान उलटून दोनदा पाहिलं. इतिवृत्तात निर्णयाआधी कोणत्या शंका निघाल्या, कोणी काय उत्तर दिलं, कुठलं उत्तर मिळालं नाही, हे लिहिलं पाहिजे. वाक्य दोनच असोत. महाराष्ट्रातल्या वाचकांकडे यासाठी आमच्यापेक्षा पुष्कळ भक्कम आधार आहे. सहकार कायद्याने सभासदाला संस्थेची कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिलाय. पुनर्विकासासाठी कलम ७९-अ खाली ४ जुलै २०१९ ला ज्या सूचना निघाल्या त्यांत विशेष सभेला दोन-तृतीयांश उपस्थिती, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती आणि सभेचं चित्रीकरण सांगितलं आहे. तरी मुंबई-पुण्याची नातेवाईक मंडळी मला सांगतात, बिल्डरचं सादरीकरण झालं, जेवण झालं, सेक्रेटरींनी विचारलं आणि हात वर झाले. कॅमेरा हात टिपतो. कोणाच्या मनात काय राहिलं ते टिपत नाही. कागद घरी नेऊन वाचल्याशिवाय हात वर करायचा नाही, एवढं तरी प्रत्येकाला स्वतःपुरतं ठरवता येतं. आमच्या एमओयूसारखा कोर्टात टिकणार नाही असा कागद ज्यांच्या गाठीला आहे त्यांनी तर दुप्पट लिहून ठेवावं. कायदा पाठीशी नसेल तेव्हा आपसातली वही हाच आधार.

ज्यांना विचारणं परवडतच नाही, त्यांचं काय? चंडीगडला शिकायला येणारी मराठी मुलंमुली पीजीत राहतात. २२ फेब्रुवारी २०२० ला सेक्टर ३२ मधल्या एका पीजीला आग लागून तीन तरुण मुली गेल्या. त्या जागेची पीजी म्हणून नोंदणी नव्हती. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीने मालकाला नोंदणीचा कागद आणि बाहेर पडायची दुसरी वाट विचारावी, ही अपेक्षा तिच्यावर टाकणं मला पटत नाही. खोली जाईल, मैत्रिणी हसतील, हे तिला दिसत असतं. तो प्रश्न सामान उतरवायला आलेल्या आईवडिलांनी, सगळ्यांदेखत, मोठ्याने विचारायचा. सोसायटीतल्या भाडेकरूंचंही तेच. ज्याला मत नाही त्याच्या अंगावर भिंत पडू शकते, म्हणून त्याचं म्हणणं कोणीतरी मत असलेल्याने बैठकीत आणलं पाहिजे.

आता उलटी बाजूही सांगते, नाहीतर हे वाचून कोणीतरी आपल्या इमारतीत उच्छाद मांडेल. आमच्या मागच्या गल्लीत अशीच तीन कुटुंबांची कोठी आहे. तिथे पाण्याची मोटर जळली. एकाने तीन दरपत्रकं मागितली, दुसऱ्याने कंपनी कुठली ते विचारलं, तिसऱ्याने जुनी मोटर का जळली याची चौकशी हवी म्हटलं. भर जूनमध्ये, ४० च्या वर पारा असताना, घरात टँकरचं पाणी. विश्वास नसलेल्या घरात प्रश्न काम करत नाही, नुसता अडवतो. म्हणून आम्ही एक रक्कम ठरवलीय. तिच्या आत ज्याला गरज दिसेल त्याने खर्च करावा, पावती जिन्यातल्या खिळ्याला लावावी, कोणी विचारणार नाही. वीरजींनी गेल्या उन्हाळ्यात न विचारता जिन्यातले सगळे दिवे बदलले. रंग मला आवडला नाही, पण मी काही बोलले नाही. दिवे पुन्हा बदलता येतात. खोदकाम, तोडफोड, सही, कर्ज, हे परत घेता येत नाही, आणि सगळे प्रश्न त्यासाठीच राखून ठेवायचे. चंडीगड भूकंपाच्या धोक्याच्या पट्ट्यात आहे. शेजारी मोहालीतल्या सोहाण्यात २१ डिसेंबर २०२४ ला एक बहुमजली इमारत कोसळून दोन जणांचा जीव गेला, तेव्हा बाजूलाच तळघराचं खोदकाम चाललं असल्याचं समोर आलं. आमचा खड्डा त्यामानाने लहान होता, हे नशीब.

खड्डा बुजवला, शेजाऱ्याची भिंत बांधून दिली, नोटिशीला उत्तर दिलं. ठेकेदाराकडून निम्मे पैसे परत आले, उरलेल्यांवर साडूंची आपसात बोलणी चालू आहेत. लिफ्ट नाही. नवऱ्यासाठी प्रत्येक वळणावर एक घडीची खुर्ची ठेवलीय. तिच्यावर तो बसतो, आंटीजींचं मांजर बसतं.

वहीचं मात्र आम्ही पक्कं केलं. ज्या मजल्याचं काम चालू असेल त्या मजल्यावर ती ठेवायची नाही. सध्या मधल्या मजल्याच्या स्वयंपाकघराचं काम निघालंय, म्हणून वही आंटीजींकडे आहे. वीरजींना एक ओळ जरी लिहायची झाली तरी खाली उतरावं लागतं, आणि आंटीजी चष्मा नाकावर ओढून ती आधी वाचतात, मग पेन देतात.